तेल मुरवावं लागतं, मेण उजळावं लागतं
(हाताने केलेल्या लाकडी सामानाच्या तेल-मेण फिनिशवरील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव 'तेल आणि मेण' एवढंच छापलं गेलं, त्यामुळे दारातच दोघातिघांनी मला विचारलं, की हे आयुर्वेदाचं व्याख्यान आहे का. (हशा) तर नाही. पण अगदीच लांबचं नातं आहे असंही नाही. लाकडाची कातडी आणि आपली कातडी, दोन्हींना तेल लावताना आपण एकच चूक करतो. जास्त लावलं म्हणजे जास्त गुण येईल असं आपल्याला वाटतं.

ही चूक मी कशी केली, तिथूनच सुरुवात करतो. आमच्या घरी आजोबांनी करून घेतलेला सागवानी झोपाळा आहे. पितळी कड्या, साधारण पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी. त्यावरचं जुनं पॉलिश पोपडे धरून निघालं होतं. मी तेव्हा नुकता सुतारकाम शिकलो होतो आणि अंगात जोर होता. गणपती तोंडावर आलेले, श्रावण सुरू. मी फळी घासली, रंगाच्या दुकानातून जवसाचं तेल आणलं आणि चार दिवसांत तीन जाड हात दिले. वर राहिलेलं तेल पुसलं नाही, म्हटलं पिऊ दे लाकडाला. दिसायला झोपाळा असा देखणा झाला होता की काय सांगू! गौरीच्या दिवशी आत्या नवी साडी नेसून त्यावर बसली आणि उठताना साडी फळीलाच राहायला निघाली. (हशा) डाग शेवटपर्यंत गेला नाही. आत्या काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

पुढे तो चिकट थर मी खरवडून काढला तेव्हा थंडी पडली होती. आठ दिवस लागले. खरवडता खरवडता जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरं मी नंतरची अनेक वर्षं शोधत होतो. आज ती क्रमाने तुमच्यापुढे ठेवतो.

झाकायचं की मुरवायचं?

लाकडाचं रक्षण करायचे ढोबळ मानाने दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लाकडावर पातळ पडदा चढवायचा. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश, व्हार्निश, मेलामाइन, पीयू, हे सगळे पडदे. दुसरा मार्ग म्हणजे लाकडाच्या रंध्रांत काहीतरी मुरवायचं आणि वर जवळजवळ काहीच ठेवायचं नाही. तेल आणि मेण हा दुसरा मार्ग.

दोन्हींचे फायदे-तोटे स्पष्ट आहेत. पडदा पाण्याला आणि गरम भांड्याला जास्त दाद देत नाही. पण एकदा तो फाटला की ठिगळ लावता येत नाही. सगळा खरवडून पुन्हा चढवावा लागतो. तेलाचं उलटं आहे. डाग लवकर पडतो, पण जिथे पडला तिथेच घासून, थोडं तेल लावून तो दुरुस्त होतो, आणि हे काम घरातलं कुणीही करू शकतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच विचारतो, तुम्हाला वस्तू विसरून जायची आहे, की तिच्याशी अधूनमधून बोलायचं आहे? विसरायची असेल तर पीयू घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

जॉर्ज नाकाशिमा हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. जपानी वंशाचे अमेरिकी कारागीर. पुदुच्चेरीच्या गोलकोंड इमारतीचं काम 1930 च्या दशकात त्यांनी पाहिलं, पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही फर्निचरचे नमुने केले. त्यांच्या कामात लाकूड चमकत नाही, ते आतून उजळल्यासारखं दिसतं. हाताने चोळलेल्या तेलाचा तो गुण आहे. काच लावलेला फोटो आणि हातात धरलेला फोटो यांत जो फरक, तोच इथे.

तेल वाळतं म्हणजे काय होतं?

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, स्वयंपाकघरातलंच आहे.

पाणी वाळतं तेव्हा ते उडून जातं. तेल तसं वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट, लवचीक थर होतो. म्हणजे वाळताना तेलाचं वजन कमी होत नाही, उलट वाढतं. 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी याच गुणावर लिनोलियमची फरशी तयार केली. रंगाच्या डब्यातल्या जवसाच्या तेलावर धरलेली रबरासारखी साय बघून त्यांना ती सुचली होती.

पण हे प्रत्येक तेलाला जमत नाही. तेलाच्या रेणूत जोडणीसाठी मोकळे हात किती आहेत, हे मोजायचं एक माप आहे, त्याला आयोडीन मूल्य म्हणतात. हे मूल्य साधारण 130 च्या वर असेल तर तेल वाळतं. जवसाचं 170 च्या पुढे. शेंगदाण्याचं 90 च्या आसपास. खोबरेलाचं जेमतेम 10. आता सांगा, पाटाला, देव्हाऱ्याला आपण सणासुदीला खोबरेल का लावतो? कारण ते घरात असतं! दोन दिवस छान दिसतं, मग धूळ धरतं. खोबरेल वर्षभर ठेवलं तरी तेलच राहणार.

म्हणजे आपल्यासाठी जवस, म्हणजे अळशी. अक्रोडाचं आणि टंगचं तेलही वाळतं, पण ते महाग आणि सगळीकडे मिळत नाही. जवसाचं तेल दोन प्रकारात येतं. कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं त्यात वाळवण लवकर व्हावी म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात. ते चांगल्या हवेत एक-दोन दिवसांत वाळतं. बैठकीच्या सामानाला ते चालतं. खाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूला नको.

आणखी एक. जवसाचं तेल लाकडाला पिवळसर, मधाचा रंग देतं आणि वर्षांगणिक गडद होतं. साग, शिसव, बाभूळ यांवर हे शोभून दिसतं. हळदू किंवा पाइनसारखं फिकं लाकूड तुम्हाला फिकंच ठेवायचं असेल, तर जवस लावू नका, नुसतं मेण लावा.

खरं काम तेलाच्या आधी आहे

लोक विचारतात, तुमच्या तेलात काय घालता? मी सांगतो, तेलात काही नाही, जे आहे ते घासण्यात आहे. पडदा खड्डे बुजवतो, तेल ते उघडे करून दाखवतं. रंध्याची खूण, काचकागदाचा आडवा ओरखडा, वाळलेल्या फेव्हिकॉलचा ठिपका, हे सगळं तेल लावताच वर येतं. गोंदाच्या ठिपक्यात तेल शिरत नाही, तिथे फिकट डाग उरतो. त्यामुळे सांध्यातून बाहेर आलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा, किंवा वाळल्यावर पटाशीने उडवा.

काचकागदाचा क्रम असा ठेवा: 80 किंवा 100, मग 120, 180 आणि 220. मधला नंबर गाळू नका. 80 चे ओरखडे 220 ने जात नाहीत, फक्त गुळगुळीत होऊन लपून बसतात. प्रत्येक वेळी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासायचं. नंबर बदलताना भुसा झटकून टाका, कारण जाड कागदाचा एक कण राहिला तरी तो पुढच्या कागदाखाली ओरखडे पाडतो. फळीच्या टोकाला रंध्रं उघडी असतात, तिथे तेल जास्त शोषलं जाऊन टोक काळपट दिसतं. म्हणून टोकं 320 पर्यंत घासा.

220 झाल्यावर एक पायरी लोक हमखास टाळतात. ओलसर फडकं सगळीकडे फिरवा आणि वाळू द्या. लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतील, हाताला खरखर लागेल. ती शेवटच्या कागदाने हलकेच घासून टाका. हे आज केलं नाही, तर पहिल्या दमट दिवशी लाकूड ते स्वतःच करतं.

आणि उजेड. खोलीचा दिवा मालवा, विजेरी फळीला समांतर धरा. जे वरून दिसत नाही, ते तिरप्या उजेडात सगळं दिसतं. माझ्या कारखान्यात हे केल्याशिवाय तेलाचा डबा उघडत नाही.

तेलाचे हात

आता तेल. पहिला हात पातळ हवा, म्हणजे आत शिरतो. निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. जुन्या सुती बनियनचं फडकं घ्या, रेषेच्या दिशेने चोळून लावा. पाच फुटी फळीच्या एका बाजूला अर्धी वाटी मिश्रण पुरतं. वीस मिनिटं थांबा. जिथे कोरडं दिसेल तिथे थोडं अजून. आणि मग, मंडळी, हे लिहून घ्या: कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. वरून हात फिरवला तर हाताला तेल लागता कामा नये. मी झोपाळ्यावर जो घोटाळा केला तो इथेच. लाकडाच्या आतलं तेल आपल्या कामाचं. वर राहिलेलं साय धरतं आणि चिकट होतं.

दोन दिवस वाळू द्या. दुसऱ्या हाताला तेल दोन भाग, टर्पेंटाइन एक भाग. तिसऱ्याला हवं तर नुसतं तेल, अगदी थोडं. दोन हातांच्या मध्ये 320 चा कागद हलका फिरवायचा. इंग्लंडच्या कारागिरांत एक जुना हिशेब सांगतात: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि मग जन्मभर वर्षाला एकदा. ऐकायला गोड आहे, पण रोजच्या हाताला वाळायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे तीन किंवा चार पातळ हात पुरे.

ऋतू बघा. हवा कोरडी आणि खेळती हवी. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. पावसाळ्यात लाकूड ओल धरून असतं, तेल रेंगाळतं, आणि अर्धवट वाळलेल्या जवसावर बुरशी येते. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको.

साग आणि शिसव यांबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे. या लाकडांत मुळातच तेलकट द्रव्यं असतात. त्यांच्यामुळेच साग वाळवीला पुरून उरतो, पण हीच द्रव्यं आपल्या तेलाच्या वाळण्यात आडवी येतात. शिसवावर तर तेल कधी कधी आठवडाभर ओलंच राहतं. उपाय असा: तेल लावण्याच्या जरा आधी स्पिरिटच्या फडक्याने लाकूड पुसून घ्या, हात नेहमीपेक्षा पातळ द्या, वाळायला दुप्पट वेळ द्या. शिसव तरीही ऐकत नसेल तर चपडीचा एक अगदी पातळ हात द्या आणि त्यावर थेट मेण. माझा झोपाळा सागाचा होता, महिना श्रावणाचा आणि हात जाड. तिन्ही चुका मी एकदम केल्या होत्या!

फडक्याची गोष्ट

आता मी जरा गंभीरपणे बोलणार आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

तेल ऑक्सिजन घेऊन वाळतं, असं मी म्हटलं. या क्रियेत उष्णता निघते. फळीवर ती हवेत निघून जाते, कळतही नाही. पण तेलाने भिजलेली सुती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर उष्णता आत कोंडते. गरम झालं की क्रिया वाढते, क्रिया वाढली की आणखी गरम होतं. काही तासांत ती फडकी आपोआप पेट घेतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही.

23 फेब्रुवारी 1991 या दिवशी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत 22 व्या मजल्यावर आग लागली. तिथे लाकडी तावदानांना फिनिश देण्याचं काम चालू होतं आणि जवसाच्या तेलाची फडकी तशीच टाकून ठेवली होती. आग एकोणीस तास जळत होती. 30 व्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे होते, तिथे ती थांबली. अग्निशामक दलाचे तीन जवान त्या रात्री गेले.

मी स्वतः एकदा संध्याकाळी कारखाना बंद करताना फडक्यांच्या पिशवीला सहज हात लावला आणि ती तव्यासारखी नाही, पण तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम होती. बाजूला भुसा होता. त्या दिवसापासून नियम एकच. काम संपलं की फडकं उघडं पसरून बाहेर दोरीवर, एकेक सुटं. कडक वाळलं की मग टाकायचं. ते जमत नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवायचं. घरी एकच खिडकी रंगवली तरी हाच नियम.

मेण

तेल पूर्ण वाळल्यावर, म्हणजे शेवटच्या हातानंतर निदान आठवड्याने, मेण. मेणाचं काम रक्षणाचं कमी आणि स्पर्शाचं जास्त. ते तेलाच्या वर एक कोरडी, मऊ झिलई देतं, आणि धूळ, घामाचा हात, सांडलेला पाण्याचा थेंब यांना थोडा वेळ थोपवून धरतं.

मधमाशीचं मेण सुमारे 62 ते 64 अंशांना वितळतं. ते मऊ असतं. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण 82 अंशांच्या पुढे वितळतं. ते कडक आणि झळझळीत असतं. नुसतं कार्नोबा लावणं कठीण, म्हणून 80 ग्रॅम मधमाशीच्या मेणात 20 ग्रॅम कार्नोबा घाला. उन्हाळ्यात आपल्याकडे नुसतं मधमाशीचं मेण बोटाचे ठसे धरतं, या मिश्रणात तो त्रास कमी होतो.

करायची रीत: मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, त्यात मेणाचं छोटं भांडं ठेवा. थेट आचेवर कधीही नाही. मेण वितळलं की गॅस बंद करा, भांडं घेऊन दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात या, आणि तिथे 300 ते 400 मिलिलिटर टर्पेंटाइन हळूहळू ओता. हे चालणं महत्त्वाचं आहे. टर्पेंटाइनची वाफ 35 अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात नुसत्या खोलीच्या तापमानाला. ढवळून थंड होऊ द्या. थिजलेल्या तुपासारखं झालं की जमलं.

लावताना मेणाचा गोळा सुती कापडाच्या दोन पदरांत बांधा आणि त्या पुरचुंडीने घासा. कापडातून झिरपेल तेवढंच मेण लागतं, जास्त लागूच शकत नाही. अर्ध्या तासाने मेणावर धुकं धरल्यासारखं दिसेल. मग बुटांच्या ब्रशसारखा मऊ ब्रश, आणि शेवटी स्वच्छ सुती कापड. इथे जोर लावायचा. मेण चढवल्याने चमकत नाही, उतरवल्याने चमकतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*घरी जुनं कपाट आहे, त्यावर तेल चालेल का?*

आधी त्यावर काय आहे ते बघा. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर चपडीचं पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर बहुधा व्हार्निश किंवा पीयू. दोन्ही बाबतीत पडदा पूर्ण उतरवल्याशिवाय तेल आत जाणार नाही. उघड्या लाकडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो काही वेळात पसरून शोषला जातो. तसं झालं की समजा लाकूड तयार आहे.

*पोळपाट, लाकडी चमचे, बाळाची खेळणी?*

खाण्याचं कच्चं जवस तेल, घाण्याचं. टर्पेंटाइन नको, डबल बॉइल्ड नको. पातळ हात द्या, पुसा, आणि महिनाभर उन्हापावसापासून दूर पण हवेशीर जागी ठेवा. वर नुसतं मधमाशीचं मेण चोळलं तर उत्तम. घाई असेल तर काहीच लावू नका. कोरं लाकूडही चांगलंच असतं.

*पाण्याच्या ग्लासचा पांढरा गोल उमटला तर?*

बहुतेक वेळा ते मेणात अडकलेलं पाणी असतं. मऊ कापडाने जोरात चोळा, पुन्हा मेण लावा. काळा डाग असेल तर पाणी लाकडात गेलेलं आहे. तेवढाच भाग 220 ने घासा आणि तेलापासून सुरुवात करा. चहाची गरम किटली मात्र थेट ठेवू नका. मेण 62 अंशांना वितळतं, किटली त्याहून गरम असते.

*पुन्हा कधी लावायचं?*

मेण वर्षातून एक-दोनदा. तेल, लाकूड मागेल तेव्हा. फळी फिकट आणि तहानलेली दिसू लागते, ते बघून कळतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. तो झोपाळा अजून घरी आहे. दर वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्याला मेण लागतं. मध्यंतरी माझ्या मुलीने त्यावर गरम इस्त्री टेकवली, बोटभर लांब डाग पडला. तिने तो स्वतः घासला, तेल लावलं, पुसलं, फडकं दोरीवर वाळत घातलं. नीट बघितलं तर ती जागा अजून ओळखू येते. पण आत्या आता त्यावरच बसते, आणि साडी फळीला राहत नाही.